विसरलेला हातचा

ता. ४, सोमवार

हिशेबाच्या वहीची मागची कोरी पानं उलटी धरून लिहिते आहे. नवी वही आणायला कोण जाणार, आणि ही पानं वाया तरी का घालवायची.

शनिवारी दुपारी पाण्याच्या बोगद्यात छत खाली आलं. आत सातजण अडकले. त्यात हे आहेत. ह्यांचं काम हजेरी कारकुनाचं. वहीवर सह्या घ्यायला आत गेले होते, तेवढ्यात झालं. रोज दारातूनच सह्या घेतात, नेमके त्याच दिवशी आत गेले. देवाच्या मनात काय असतं ते त्यालाच माहीत.

आम्हाला फाटकाजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसवलं आहे. दोन बाकं, एक पिंप, एक बल्ब. फाटकाला कुलूप. बाहेर जाऊ देतात, पण बाहेर गेलं की परत आत घेतीलच याची खात्री कोणी देत नाही, म्हणून कोणी जात नाही. दिवसाही बल्ब चालूच असतो. मी दोनदा बंद केला, पहारेकऱ्याने दोनदा लावला.

इंजिनीअरबाई येऊन सांगून गेल्या की सातही जिवंत आहेत. ह्यांच्याबरोबर आत एक बिनतारी पेटी आहे. तिच्यातून बोलणं येत नाही, दगड आवाज अडवतो. नुसते टूं टूं असे ठोके येतात, त्यांचे आकडे होतात. झाकणाला आतून तीस वाक्यांचं कार्ड चिकटवलेलं आहे. वाक्याचा नंबर पाठवला की वाक्य कळतं. बाकी सगळं आकड्यांतच.

माझ्याशेजारी वायरमनची बायको बसते. तिचा नवराही आत आहे. तिने विचारलं, तुमच्यांना आकडे येतात ना? मी म्हटलं, येतात, पण आपापल्या मर्जीने येतात. ती हसली. शनिवारपासून पहिल्यांदा कोणी हसलं असेल.

ता. ५, मंगळवार

आता कळलं की पंप मधेच का थांबतात.

आत पाणी झिरपतं. ते उपसायला चार मोठे पंप रात्रंदिवस चालतात. पण पंपांच्या मोटरींची घरघर त्या पेटीच्या ठोक्यांत मिसळते आणि आकडे खराब होतात. तीनाचा आठ होतो, चाराचा नऊ होतो. नीट ऐकायचं तर पंप बंद करावे लागतात. पंप दहा मिनिटं बंद ठेवले की आत पाणी दोन बोटं चढतं, आणि ते दोन बोटं खाली आणायला अर्धा दिवस जातो.

म्हणजे पंप चालू असले तर माणसं वाचतात पण काय म्हणतात ते कळत नाही. बंद केले तर कळतं, पण कळेपर्यंत पाणी पायाशी येतं.

आम्ही बायका आता त्या घरघरीकडे कान लावून असतो. इतर वेळी डोकं उठवते. थांबली की मात्र सगळ्याजणी उठून उभ्या राहतो. आज दोनदा थांबली. मी दोन्ही वेळा जप सुरू केला आणि दोन्ही वेळा मधेच आकडा विसरले.

ता. ६, बुधवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

बिनतारी ऐकणाऱ्या माणसाला इथे सगळे खरखर म्हणतात. त्याच्या खोपटातून दिवसभर तोच आवाज येत असतो म्हणून. सकाळी त्याचा चहा द्यायला गेले. टेबलावर आकड्यांचे कागद पसरले होते. प्रत्येक कागदावर शेवटची आडवी ओळ आणि शेवटची उभी ओळ लाल पेन्सिलीने काट मारलेली.

मी विचारलं, हे का खोडलं? तो म्हणाला, "काकू, डॉक्टरांनी तीनच गोष्टी मागितल्यात. माणशी बिस्किटं किती, पाण्याचे घोट किती, अर्ध्या मिनिटाची नाडी किती. खालचा माणूस दर वेळी जास्तीचे आकडे लावतो. बॅटरी जाते फुकट. डोकं ठिकाणावर नसावं."

मी कागद हातात घेतला आणि खोडलेल्या ओळी वाचल्या. ते आमचं शनिवारचं टेलिफोनचं काम होतं.

ह्यांची बदली मागे लांबच्या कामावर झाली होती तेव्हा दर शनिवारी हे फोनवरून हजेरीचा तक्ता मला वाचून दाखवायचे आणि मी घरी सुवाच्य प्रत काढून कचेरीत द्यायची. लाईन इतकी वाईट की सातचा साठ ऐकू यायचा. एकदा माझ्यामुळे एका टोळीची दोन दिवसांची हजेरी बुडाली. तेव्हा मी ह्यांना सांगितलं, प्रत्येक ओळीची आडवी बेरीज वाचा आणि खाली उभ्या बेरजाही वाचा. एखादा आकडा चुकीचा ऐकू आला तर त्याची आडवी बेरीज जमणार नाही आणि उभीही जमणार नाही. त्या दोन ओळी जिथे एकमेकींना छेदतात तिथे चूक. सुटा एकच आकडा असला तर त्याच्यामागे त्यातल्या अंकांची बेरीज सांगायची. याला आम्ही ताळा म्हणायचो. आठ वर्षं हे शनिवारी दुसरं काही बोललेच नाहीत.

खरखरला म्हटलं, हे वेड नाही, हा ताळा आहे.

तो कागद त्या घटकेला फार महत्त्वाचा होता. चौथ्या माणसाची नाडी अर्ध्या मिनिटाला एक्क्याण्णव आली होती. डॉक्टर घाबरले होते आणि पंप बंद करून पुन्हा विचारायचं ठरत होतं. इंजिनीअरबाई तिथेच आल्या. मी पेन्सिलीचा तुकडा काढला. चौथ्याची बिस्किटं तीन, घोट बारा, आणि आडवी बेरीज छप्पन्न. मग नाडी एक्क्याण्णव कुठून असणार, एक्केचाळीस हवी. नवाच्या जागी चार.

बाईंनी नाडीची उभी ओळ तपासली. त्या म्हणाल्या, "जमत नाही. आलेल्या आकड्यांची बेरीज तीनशे तीस होते, खाली अडीचशे लिहिलेत. ऐंशीचा फरक आहे. तुमच्या हिशेबाने पन्नासचाच हवा."

मी म्हटलं, पन्नास पंपाचे, तीस ह्यांचे.

त्यांना कळेना. मला सांगायची लाज वाटली, पण सांगितलं. ह्यांचा हातचा राहतो. दोन-तीन आकडे असले तर चुकत नाहीत. ओळ लांब झाली की एककांची बेरीज तीस आली, शून्य मांडलं, आणि हातचे तीन विसरले. मॅट्रिकला गणितात त्यामुळेच गेले आणि दुसऱ्यांदा बसले. लग्नानंतर मी बोलून बोलून थकले. बाईंनी मागचे दोन कागद काढले. दोन्हींवर उभी बेरीज हातच्याएवढीच कमी. पंप कुठलाही अंक खाईल, पण दर वेळी नेमका हातचाच कसा खाईल? पंपाला बेरीज येत नाही.

बाईंनी तिन्ही कागद एकावर एक ठेवले. मग पंप बंद करू नका असा निरोप त्यांनी बाहेर पाठवला.

ता. ७, गुरुवार

मला खोपटात स्टूल दिलं आहे. आज पंप दिवसभरात एकदाही थांबले नाहीत. चार तक्ते आले, चारही जुळवले. एकात आकडाही बिघडला आणि त्याच्या आडव्या-उभ्या दोन्ही बेरजाही. तिथे माझा इलाज चालेना, कोणता आकडा किती बिघडला ते कळायला मार्ग नव्हता. तसं सांगून टाकलं. अंदाजाने भरलं नाही. अंदाजाने भरलेला आकडा मनात खऱ्यासारखा घर करून बसतो.

हजेरीत हे स्वतःचं नाव नेहमी शेवटी लिहितात. म्हणून सातवी ओळ ह्यांची. बिस्किट एक, घोट दहा, नाडी एकोणपन्नास. परवा चव्वेचाळीस होती. घाबरलेत, दुसरं काय. दाढ काढायची म्हटलं तरी ह्यांचं काळीज धडधडतं.

खोपट चार पावलं लांब, तीन पावलं रुंद. खिडकी नाही. खरखर कानावर दोन्ही वाट्या लावून बसतो, मी भिंतीला पाठ लावून. बाहेर बाक तरी होतं, उठून चालता यायचं. इथे तक्ता कधी येईल ते सांगता येत नाही म्हणून हलताही येत नाही. वायरमनची बायको दारातून म्हणाली, "तुम्हाला बाई आत बढती मिळाली." म्हटलं, या की बदल्यात. तर म्हणाली, मला आकडे बघितले की झोप येते. आणि ह्यांच्या ज्या हिशेबाला मी जन्मभर नावं ठेवली, त्याचंच आता मला तोंड बघावं लागतंय.

कार्डावर 'कुटुंब वर आहे' असं एक वाक्य आहे. इंजिनीअरबाईंनी ते माझ्यासाठी खाली पाठवलं. खालून नुसता पोचल्याचा ठोका आला.

ता. ९, शनिवार

आज एक चांगली गोष्ट. काल संध्याकाळपासूनच्या तक्त्यांत हातचा राहिलेला नाही. पाच तक्ते तपासले, सगळ्या उभ्या बेरजा चोख. मी वर आहे हे कळल्यावर सावध झाले असतील. इतक्या वर्षांत माझ्या बोलण्याने जे जमलं नाही ते देवाने एका धोंड्याने करून घेतलं.

हे मी इंजिनीअरबाईंना मोठ्या कौतुकाने सांगितलं. त्या "बरं" म्हणाल्या आणि खरखरकडे बघितलं. खरखर पेन्सिलीला टोक काढायला लागला. टोक आधीच होतं.

ह्यांच्या ओळीत आज बिस्किटं शून्य. मला आधी चूक वाटली, पण आडवी जमते, उभी जमते. शून्यच आहे. म्हणजे आपलं दुसऱ्याला देत असणार. घरीही असंच, पाहुणा आला की स्वतःच्या पानातलं काढून वाढायचे. मीही आज एकदाच जेवले, तेवढीच साथ. नाडी छप्पन्न.

ता. १०, रविवार

दुपारी पाय मोकळे करायला बाकावर जाऊन बसले. वायरमनची बायको साडीच्या काठाचा सुटलेला धागा गुंडाळत होती. सहज म्हणाली, "आमचे भांडखोर आहेत, पण डोक्याने तल्लख हो. कितीही लांब बेरीज असू दे, तोंडाने करतात. कधी एका आकड्याने चुकायचे नाहीत."

मी हो हो म्हटलं. आणि मग माझ्या लक्षात आलं.

उठून खोपटात आले आणि शुक्रवारपासूनचे सगळे कागद पुन्हा काढले. बेरजा ह्यांच्या नाहीतच. दुसरं कोणीतरी करतंय. आणि ह्यांची नाडी काल छप्पन्न, आज सकाळी छप्पन्न, दुपारी छप्पन्न. जिवंत माणसाची नाडी अशी एका आकड्याला चिकटून बसत नाही. हजेरीत सुद्धा सलग सारखे आकडे दिसले की मी ह्यांना म्हणायची, हे कोणीतरी घरी बसून भरलंय, जाऊन माणूस आहे का बघा.

खालच्यांना ठाऊक आहे की मी वर बसून बेरजा बघते. मला कळू नये म्हणून ते सातवी ओळ भरत असतील तर?

इंजिनीअरबाईंना विचारलं. त्यांनी खोटं सांगितलं नाही. म्हणाल्या, आम्हालाही कालच शंका आली होती, पण खात्री नाही. म्हटलं, विचारा ना. तर त्यांनी ते तीस वाक्यांचं कार्ड माझ्यापुढे धरलं. त्यात 'पाणी चढतंय' आहे, 'हवा कमी आहे' आहे, 'पुन्हा पाठवा' आहे. 'आकडे कोण पाठवतंय' हे कोणी लिहिलेलं नाही. अक्षरं एकेक करून पाठवता येतात, पण त्यांच्या पेटीची बॅटरी तक्त्यांखेरीज आता थोड्याच ओळींपुरती उरली आहे. वरून भोक पाडताहेत, ते गुरुवारपर्यंत पोचेल. पोचायच्या वेळी बाजूला व्हा, डोकं झाका, हे सांगायला बॅटरी लागेल.

मी म्हटलं, मला एकच ओळ द्या. अक्षरं नकोत. आकडेच पाठवते.

त्या म्हणाल्या, उद्या बघू.

कपाळ भिंतीला टेकवून बसले आहे. पंपांची घरघर भिंतीतून डोक्यात येते. घरघर चालू आहे म्हणजे बरं चाललं आहे, असं सहा दिवस स्वतःला समजावत होते.

ता. ११, सोमवार

ओळ मिळाली. मी वहीत एकाखाली एक मांडून सहा आकडे काढून दिले. सत्तावीस, अडतीस, सेहेचाळीस, एकोणीस, त्रेपन्न, सत्तावन्न. पुढे टेलिफोनच्या दिवसांतली आमची बेरजेची खूण. ह्यांना दिसली तर कळेल की हे माझं आहे. हे कसे करतील तेही मला ठाऊक आहे. एककांचे चाळीस, शून्य मांडतील, हातचे चार विसरतील. दोनशे म्हणून पाठवतील. खरं उत्तर दोनशे चाळीस.

सकाळी दहाला पाठवलं. देवाला म्हटलं, माणूस शहाणा कर म्हणून तुझ्याकडे पुष्कळदा मागितलं आहे. ते सगळं परत घेते.

साडेअकराला उत्तर आलं. दोनशे चाळीस. मागे ताळ्याचा सहा.

उत्तर बरोबर आहे.

ता. १२, मंगळवार

काल वही मिटली ती आज दुपारपर्यंत उघडली नाही. सकाळी स्टुलावर येऊन बसले, कारण दुसरं कुठे बसायचं ते सुचेना. तक्ते येत होते. सहा ओळी तपासत होते. सातवीवर नजर जात नव्हती. इंजिनीअरबाईंनी घरी जाऊन पडा म्हणून सांगितलं. घर रिकामं आहे. इथे निदान घरघर आहे.

दुपारी खरखर एक कागद डब्यात टाकायला निघाला. मी सवयीने हात पुढे केला. कागद वाया घालवलेला मला बघवत नाही, पाठकोरा असला तर ठेवते.

त्याने मान खाली घातली. म्हणाला, "काकू, रागावू नका. मला राहवलं नाही. बाईंना न विचारता मी एक ओळ खर्च केली. तुमचीच बेरीज, आणि पुढे 'पुन्हा पाठवा'. पण काही निघालं नाही. तेच उत्तर आहे. पंपाने मधला अंक खाल्लाय, मी दुरुस्त केलाय."

कागदावर त्याने आधी लिहिलं होतं दोनशे. मधल्या शून्यावर काट मारून वर चार केला होता. कालच्यासारखं. माझ्याकडूनच शिकला तो दुरुस्त करायला.

मी विचारलं, ताळा काय आला?

तो म्हणाला, तोही बिघडलेलाच आहे. सहा हवा, दोन आलाय.

मी तो कागद उजेडाखाली धरला. दोन, शून्य, शून्य. मागे दोन. पंपाने चार खाऊन शून्य केला असता तर ताळ्याचा सहा तसाच राहिला असता. पंपाने दोन्ही बिघडवले असते तर ते एकमेकांना कशाला जुळले असते? ज्याने दोनशे लिहिले त्यानेच दोनशेचा ताळा काढला होता. काहीही बिघडलं नव्हतं. खडकातून, पाण्यातून, चार मोटरींच्या घरघरीतून ह्यांची चूक एक अंकही न हलता, जशीच्या तशी माझ्यापर्यंत पोचली होती.

खरखरला म्हटलं, ही काट पूस.

तो म्हणाला, पण उत्तर चुकलंय.

म्हटलं, चुकलंय. पूस.

मग मी पदर तोंडात कोंबून स्टुलावर बसले. खरखर घाबरून इंजिनीअरबाईंना बोलवायला धावला. त्या आल्या, कागद बघितला, आणि त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. जाताना बॅटरीची ओळ न विचारता खर्चल्याबद्दल खरखरला चार शब्द सुनावले, आणि जाता जाता त्याच्या पाठीवर हातही ठेवला.

ता. १५, शुक्रवार

काल दुपारी भोक पोचलं. संध्याकाळपर्यंत सातही वर आले. हे पाचवे. पायावर दगड पडून जखम चिघळली होती आणि मागच्या गुरुवारपासूनच ताप चढत होता. अन्न जात नव्हतं. मी त्याला दानधर्म समजत होते.

इस्पितळात बाकीचं वायरमनने सांगितलं. मागच्या शुक्रवारपासून बेरजा तोच करत होता. ह्यांनीच सांगितलं होतं, बायको वर बसली आहे, आता हातचा राहता कामा नये, तू बघ. नाडी मोजताना ह्यांची झोप मोडते म्हणून तो आधीचाच आकडा टाकत राहिला. सोमवारी माझे सहा आकडे पोचले तेव्हा हे शुद्धीवर होते. खूण ओळखली. म्हणाले, तिने माझी परीक्षा घेतली आहे, या वेळी तरी बरोबर जाऊ दे. वायरमनने करून दिलं. मंगळवारी पुन्हा विचारणा आली तेव्हा तो पाण्याची खूण बघायला गेला होता. ह्यांना वाटलं, पहिलं उत्तर पोचलंच नाही. म्हणून स्वतः उठून केलं आणि पाठवलं.

हे सांगताना वायरमनची बायको नवऱ्याच्या कोपराला ढोसत होती. शेवटी म्हणालीच, "तुम्हाला मेलं एकदा तरी चुकायला काय झालं होतं?"

वॉर्डात एकेकालाच सोडतात. ह्यांचा आवाज अगदी खोल गेला आहे. मी जवळ गेले तर डोळे उघडून पहिलं हेच विचारलं.

"बरोबर पोचलं ना उत्तर?"

म्हटलं, पोचलं.

"हातचा धरला होता," म्हणाले.

मी म्हटलं, हो, बघितला मी. पांघरूण सारखं केलं.

मग बाहेर येऊन वही काढली. सोमवारच्या त्या बेरजेखाली उत्तराची जागा अजून कोरी होती. तिथे शाईने दोनशे लिहिले.